तपासणी आणि बैठक एकाच दिवशी, एकाच छताखाली हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सीमाभागातील आरोग्यकेंद्रांत डॉक्टर नाहीत, औषधे संपलेली असतात, रुग्णवाहिका वेळेवर येत नाही, या तक्रारी आपल्या पत्रात वरचेवर येतात आणि त्या रास्तच आहेत. त्या यादीत सहसा न येणारी एक गोष्ट मांडावी म्हणून हे पत्र. गर्भवतींची बैठक अंगणवाडीत ठेवली की निरोप पंधरा जणींना जातो आणि येतात चौघी. मग ‘बायकांनाच काळजी नाही’, ‘सासू पाठवत नाही’ असे शेरे मारून वही मिटली जाते. आमचे म्हणणे वेगळे आहे. त्या बैठकीत बाईला कोणी तपासत नाही, म्हणून ती येत नाही. बीपी एका दिवशी, रक्त दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी आणि सल्ला तिसऱ्या दिवशी, अशा तीन खेपा घालायला सांगितल्या तर जिच्यातून हातात काहीच पडत नाही ती खेप बाई गाळते. तिचा हिशेब बरोबर आहे, चुकली आहे ती आपली मांडणी.

यावर गट-तपासणी हा उपाय आहे आणि तो नवा नाही. अमेरिकेत शॅरन शिंडलर रायझिंग या परिचारिका-सुईणीने १९९० च्या दशकात ही पद्धत घडवली. साधारण एकाच सुमारास बाळंत होणाऱ्या आठ ते बारा जणींचा एक गट करायचा. पहिली तपासणी प्रत्येकीची स्वतंत्र, आणि सोळाव्या आठवड्याच्या आसपासपासून पुढे तोच गट, तीच नर्स, तोच वार. बैठक दीड ते दोन तासांची. वजन, बीपी, लघवी, पोटाची तपासणी, बाळाचे ठोके, गोळ्या हे सगळे त्या बैठकीतच, आणि उरलेल्या वेळात गोल करून बोलणे. म्हणजे तपासणी वजा करून बैठक नव्हे आणि तपासणीच्या जोडीला आणखी एक बैठकही नव्हे. नेहमीची तपासणीच गटात होते. हा फरक नीट कळला नाही तर ‘गट’ नावाने आणखी एक सभा सुरू होईल आणि तीही ओस पडेल.

या पद्धतीबद्दल वाजवीपेक्षा जास्त दावे करू नयेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या न्यू हेवन आणि अटलांटा येथील १,०४७ तरुण गर्भवतींच्या चाचणीत गटातल्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी आढळली, १३.८ टक्क्यांच्या जागी ९.८ टक्के. नंतर दक्षिण कॅरोलायनात झालेल्या मोठ्या चाचणीत एकंदरीत तसा फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत गट-तपासणी हा पर्याय बाईच्या पसंतीने आणि काटेकोर अभ्यासाच्या चौकटीत द्यावा, एवढेच म्हटले आहे. त्याच मार्गदर्शिकेने गरोदरपणात किमान आठ भेटी सुचवल्या. आपल्याकडे अजून चारच धरल्या जातात.

हजेरी किती महत्त्वाची हे मात्र एका वेगळ्या अभ्यासातून स्पष्ट दिसते. गावातल्या बायकांच्या सहभागी बैठकांवर भारत, नेपाळ, बांगलादेश आणि मलावी येथे झालेल्या सात चाचण्या २०१३ साली एकत्र तपासल्या गेल्या. या बैठकांत वैद्यकीय तपासणी नव्हती, फक्त एकत्र बसून अडचणी ठरवणे आणि मार्ग काढणे होते. ज्या भागांत गर्भवतींपैकी ३० टक्के किंवा अधिक जणी बैठकांना आल्या, तिथे नवजात मृत्यूंत सुमारे एक तृतीयांश घट दिसली. जिथे याहून कमी आल्या तिथे तसा परिणाम दिसला नाही. झारखंड-ओडिशातल्या आदिवासी गावांतली चाचणी याच सातांपैकी एक. म्हणजे बैठक झाली की नाही हा प्रश्नच नाही. किती जणी आल्या, हा खरा प्रश्न.

आता प्रत्यक्ष बैठक. ती दहाला असेल तर कुलूप साडेनऊला उघडलेले हवे, शौचालयाचेही. लघवीची तपासणी करायची आणि शौचालय बंद, हे आपल्याकडे सर्रास चालते. आठव्या महिन्यातली बाई तिथे दोन तास बसणार कशी? वेळेवर आलेली बाई तासभर ताटकळली की पुढच्या वेळी ती उशिरा येते, त्याच्या पुढच्या वेळी येतच नाही. गळती सुरू होते ती इथून.

बीपीसाठी एक खुर्ची वेगळी ठेवावी. बसमधून उतरून किंवा चालत आलेल्या बाईचे बीपी लगेच घेऊ नये. पाच मिनिटे पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला लावून बसू द्यावे, मांडीवर मांडी नको. पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर बांधावा, हात छातीच्या उंचीवर उशीवर टेकलेला असावा आणि मशीन चालू असताना बोलू नये. दंडाचा घेर ३२ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठा पट्टा लागतो. नेहमीच्या पट्ट्याने बीपी आहे त्याहून जास्त दिसते. मशीनवरचा आकडा बाईने स्वतः तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकात गर्भवतीला मिळणाऱ्या नोंदीच्या कार्डावर, लिहायचा. लिहिता येत नसेल तिला शेजारचीने लिहून द्यावे, पण आकडा तिनेच मोठ्याने वाचायचा. ज्या बाईने आपले ११०-७० सलग तीन वेळा स्वतः लिहिले आहे, तिला चौथ्या वेळी १३६-८८ दिसले की कोणी न सांगता ती विचारते, ‘हे असं का?’ बैठकीतून हेच मिळवायचे असते. १४०-९० किंवा त्यावर गेले तर पंधरा मिनिटे विश्रांती देऊन पुन्हा घ्यावे आणि तेवढेच राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. १६०-११० असेल तर बैठक संपायची वाट न बघता गाडी बोलवायची.

कोपऱ्यात पडदा आणि त्याआड खाट हवी. पडद्यावाचून गट-तपासणी करूच नये. लघवी करून आलेल्या बाईला गुडघे दुमडून झोपवायचे, हात चोळून ऊब आणायची, मग पोटाला लावायचे. चोविसाव्या आठवड्यानंतर टेपने मोजलेली गर्भाशयाची उंची सेंटीमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकी येते. तीन सेंटीमीटरहून जास्त तफावत असेल तर सोनोग्राफीला पाठवावे. ठोके डॉप्लरने मोजताना आवाज मोठा ठेवावा, बाईला ऐकू द्यावा; मिनिटाला ११० ते १६० ठीक. अंगावरून जाणे, घरातली मारहाण, एचआयव्हीचा किंवा इतर कसलाही अहवाल हे बोलणे पडद्याआडच व्हावे, गोलात कधीही नाही. एका बाईची गोष्ट गावात फुटली की सगळा गट फुटतो. प्रत्येकीला चार मिनिटे धरली तर दहा जणींना चाळीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात बाकीच्यांची वजने, बीपी आटोपतात.

गोलात बसल्यावर नर्सने तक्ता लावून भाषण देऊ नये. एक साधा प्रश्न पुरतो: ‘लोहाची गोळी कोण घेतं आणि कोणाची परड्यात जाते?’ थोडी हसाहस होते, मग खरे बाहेर येते. शौचाला काळे होते, मळमळते, बाळ काळे होईल असे कोणी सांगितले आहे, वाढून अडेल असे कोणी सांगितले आहे. एखादी सांगते की रात्री जेवून झोपताना घेतली की मळमळ जाणवत नाही, आणि ते नर्सच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त पटते. नर्सने त्यात नेमकी भर घालायची. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. कॅल्शियमच्या दोन गोळ्या सकाळी आणि दुपारी जेवणाबरोबर घ्याव्यात. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर हवे, एकत्र घेतल्यास लोह अंगी लागत नाही. चहावरही घेऊ नये. हिमोग्लोबिन ११ च्या खाली ते पंडुरोग, ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर न थांबता रुग्णालय. अशा जोखमीच्या बाईला गटातून काढू नये. उपचार डॉक्टरांकडे चालू राहोत, बैठकीतली जागा तिचीच.

दोन तासांची बैठक साखरेच्या तपासणीला फार सोयीची पडते. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे, उपाशी असण्याची अट नाही. १४० किंवा जास्त आले तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. एरवी ‘दोन तास बसा’ म्हटले की बाई निघून जाते. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या बैठकीत आल्याआल्या ग्लुकोज दिले की बोलता बोलता वेळ होतो. मध्ये काही खायचे नाही हे मात्र बजावावे लागते आणि अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. त्यामुळे या बैठकीला वेळ काटेकोर पाळावी आणि मातृपूर्णा योजनेत गर्भवतींना अंगणवाडीत मिळणारे जेवण रक्त घेतल्यावरच वाढावे. इतर बैठकाही दहा ते बारा ठेवल्या तर बाई तिथेच जेवून जाते, घरी चूल मागे राहिली ही बोच कमी होते.

गट किती जणींचा होईल हा हिशेब गावागणिक करावा लागेल. दर हजारी सोळा-सतरा जन्म धरले तर पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रात वर्षाला ऐंशीच्या आसपास बाळंतपणे होतात, महिन्याला सहा-सात. दोन महिन्यांच्या अंतरात बाळंत होणाऱ्या एकत्र केल्या की बारा-तेरा मिळतात, गट सहज होतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात तीन हजारांचे उपकेंद्र असेल तर महिन्याला चारच मिळतात. तिथे कणकुंबी, जांबोटी, गुंजी अशा भागांत दोन उपकेंद्रांनी मिळून गट करावा किंवा सहा जणींवर समाधान मानावे. बारा बोलावल्या की आठ टिकतात असे धरून चालावे. पाच जणींचा गट ठरवला तर तिसऱ्या बैठकीला दोघीच उरतात आणि त्या दोघींनाही संकोच वाटतो.

वार आणि वेळ गावाने ठरवावी, तालुक्याने नव्हे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला असते, रविवार किंवा सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. ती तारीख राहू द्यावी, दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत डॉक्टरांची एक तपासणी त्या दिवशी होतेच. पण गटाला वार लागतो, कारण गावातल्या बाईचे काम वारावर चालते. निपाणी भागात विड्या वळणारी बाई माल जमा करायच्या दिवशी येऊच शकत नाही. तो दिवस चुकला की मजुरी बुडते. आठवडी बाजाराचा दिवस निम्म्या गावांत सोयीचा, कारण गाडी असते, आणि निम्म्या गावांत गैरसोयीचा, कारण बाई स्वतःच भाजी घेऊन बसलेली असते. आंधळेपणाने ठरवू नये, विचारावे. अमावास्येला आणि ग्रहणाला गर्भवतीला घराबाहेर सोडत नाहीत. त्यावर प्रबोधन जरूर करावे, पण बैठकीची तारीख त्या दिवशी टाकून नव्हे. पंचांग बघून नऊही तारखा पहिल्याच दिवशी कार्डावर लिहून द्याव्यात: सोळा, वीस, चोवीस, अठ्ठावीस आठवडे, मग दर पंधरा दिवसांनी अडतिसाव्यापर्यंत. ‘पुढची तारीख कळवू’ म्हटले की कळवले जात नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

बसचेही तसेच. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, त्याचा इथे मोठा उपयोग होतो. मात्र ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडून लग्न होऊन आलेल्या मुलीचे आधार कार्ड माहेरच्या पत्त्यावर असते आणि तिला तिकीट काढावे लागते. नोंदणीच्या पहिल्या दिवशीच आशाने आधार बघावे आणि पत्ता बदलायला लावावे. दिवसातून एकच गाडी असलेल्या गावी बैठकीची वेळ त्या गाडीला बांधावी.

आता सीमाभागाची खास अडचण: माहेर. सातव्या महिन्यात ओटी भरली की पहिलटकरीण माहेरी जाते आणि आपल्याकडे निम्मी माहेरे पलीकडच्या राज्यात आहेत. नेमके याच वेळी, अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर, बीपी चढण्याचा धोका वाढतो आणि तपासण्या दर पंधरा दिवसांनी व्हायला हव्यात. इकडच्या वहीत ‘माहेरी गेली’ एवढे लिहून सुटका होते, तिकडच्या वहीत ती नसतेच. चाल मोडू नये, मोडणारही नाही. पहिल्याच बैठकीत विचारावे की माहेर कुठले आणि कधी जाणार. जाण्याआधीच्या बैठकीत तिच्या कार्डावर रक्तगट, हिमोग्लोबिनचे आकडे, सगळी बीपी, सोनोग्राफीचा अहवाल, धनुर्वाताच्या लशीच्या तारखा आणि नोंदणी क्रमांक पूर्ण आहेत का ते बघून कार्डाचे फोटो तिच्या नवऱ्याच्या आणि आईकडच्या फोनवर ठेवावेत. माहेरच्या गावच्या आशाचा नंबर घेऊन तिच्याशी इकडच्या नर्सने त्याच दिवशी बोलावे. उलट बाजूने, आपल्या गावात माहेरी आलेल्या मुलींसाठी प्रत्येक गटात दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात. तिचे कार्ड महाराष्ट्राचे आहे म्हणून तिला ‘तुमच्या राज्यात जा’ म्हणणे हा गुन्हाच मानायला हवा.

भाषेचा मुद्दा वाद घालण्यासाठी मांडत नाही. गोलातली बैठक बोलण्यावर चालते. घरी मराठी बोलणारी बाई कन्नडमध्ये बीपी मोजून घेईल, पण ‘अंगावरून पांढरं जातं’ हे ती घरच्या भाषेतच सांगेल. नर्स दक्षिण कर्नाटकातली असेल तर जोडीला मराठी बोलणारी आशा बसवावी. मिश्र गावात दोन्ही भाषा चालू द्याव्यात, बायका आपापसात सहज सांभाळून घेतात. कार्ड कन्नडमध्ये असेल तर धोक्याच्या खुणांचे एक पान मराठीत टाचून द्यावे: डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटका, रक्त जाणे, पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल कमी होणे. सासूला दोनदाच बोलवावे, विसाव्या आणि बत्तिसाव्या आठवड्यात. दर वेळी ती शेजारी बसली तर सून तोंड उघडत नाही आणि कधीच बोलावले नाही तर सून येत नाही. नवऱ्यांची एक बैठक संध्याकाळी घ्यावी, ती गाडी, रक्तदाता आणि पैसे एवढ्याच विषयांवर.

उपकेंद्राच्या नर्सला हे पेलेल का, असे विचारले जाते. याच बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात अशाच नर्सनी १,६२० बाळंतपणांत मिसोप्रोस्टॉल या बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळणाऱ्या औषधाची चाचणी पार पाडली, गोळी देऊन रक्तस्राव मोजून नोंदवला. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली ते छापून आले. बीपी मोजणे आणि गोल धरून बसणे त्यांना जड नाही. वेळ मात्र द्यावा लागेल: त्या दिवशी दुसरे सर्वेक्षण, दुसरी ऑनलाइन नोंद, दुसरी मीटिंग लावू नये.

हजेरीची नोंद कशी ठेवायची, हेही ठरवून द्यावे. चौतिसाव्या आठवड्यात बाळंत झालेली बाई पुढच्या बैठकांना येणारच नाही. तिला ‘गैरहजर’ धरले तर आकडा खोटा पडतो. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बाळंतिणींची हजेरी आपोआप कमी दिसते आणि ‘कमी आल्या म्हणून लवकर बाळंत झाल्या’ असा उलटा निष्कर्ष निघतो. म्हणून तिच्या बाळंतपणापर्यंत जितक्या बैठका झाल्या, त्यांपैकी कितींना आली, असे मोजावे. गैरहजेरीसमोर कारण लिहावे: माहेर, काम, आजार, निरोप मिळाला नाही, घरून सोडले नाही, गाडी नाही. तीन महिन्यांची कारणे एकत्र पाहिली की गावाचा वार चुकला की निरोप चुकला ते लगेच कळते. आणि जी आली नाही तिचे बीपी तीन दिवसांत घरी जाऊन घ्यावे. बैठक चुकली तरी तपासणी चुकता कामा नये.

जिल्हा पंचायतीने आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी प्रत्येक सीमा तालुक्यात दोन-तीन उपकेंद्रे निवडून सुरुवात करावी. फार खर्च नाही: दोन बीपी मशीन आणि मोठा पट्टा, एक डॉप्लर, वजनकाटा, लघवी व हिमोग्लोबिनच्या पट्ट्या, पडदा, खाट आणि भिंतीशी टेकायला सतरंज्या. पट्ट्यांचा साठा बैठकीच्या आठवडाभर आधी मोजावा, मशीनचे सेल दर दोन महिन्यांनी बदलावेत. सेल उतरले की काही मशीन बंद पडण्याआधी वेडेवाकडे आकडे दाखवतात. खानापूरसारख्या पावसाच्या तालुक्यात पहिले गट ऑक्टोबरच्या सुरुवातीला बसवावेत. त्या वेळी सोळा आठवड्यांच्या असलेल्या बायका मार्चच्या मध्यास बाळंत होतील, म्हणजे भातलावणी आणि तुडुंब ओढे दोन्ही टळतील. सुगीत एखाद-दुसरी बैठक येते, ती दुपारी घ्यावी. त्यासाठी या बायकांची नोंद ऑगस्ट ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, बारा आठवडे भरण्याआधीच व्हायला हवी. आशांना ही यादी गणपतीच्या आधी करायला सांगावे.

आपल्या,
निवृत्त परिचारिका व आरोग्य पर्यवेक्षिका
बेळगाव, खानापूर व निपाणी तालुका